१ जूनला जन्मलेली पिढी

दरवर्षी १ जूनला आपल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून केकची चित्रं पडायला लागतात. माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, निवृत्त गुरुजी, डेअरीवाले अण्णा, भजनी मंडळातले पखवाजवाले बुवा, सगळ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी. लोक हसतात, "सरकारी वाढदिवसाच्या शुभेच्छा" असं लिहितात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पोराला शाळेत घालायला नेलं तेव्हा जन्मतारखेचा कागद कुणाकडेच नव्हता. आई म्हणायची, "भाताची लावणी चालली होती." बाप म्हणायचा, "धाकट्याच्या लग्नाच्या आदल्या साली." गुरुजींनी शाळा उघडताना वय बसेल असा हिशेब घालून १ जून टाकून दिलं.

या विनोदाच्या पोटात मोठा इतिहास आहे. आज त्यावर लिहायचंय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

१ जूनवाले जवळजवळ सगळे घरात जन्मले. माजघरात, कधी गोठ्याशेजारच्या खोलीत, सुईणीच्या हातात. त्यांच्या नातवंडांचा दाखला बघा. तारीख, वेळ, वजन, डॉक्टरची सही, सगळं जागच्या जागी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं घरी जन्म झाला तर कळवायची जबाबदारी घरातल्या कर्त्यावर टाकली आणि दवाखान्यात झाला तर दवाखान्यावर. कर्ता शेतात, ग्रामसेवक तीन गावांना मिळून एक. मग नोंद राहायची. बाळंतपण दवाखान्यात गेलं तशी जन्मतारीखही खरी झाली.

हा बदल किती झपाट्यानं झाला ते आकड्यांत बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात शंभरातली साधारण ४४ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. १९९८-९९ मध्ये ५३. २००५-०६ मध्ये ६५. २०१५-१६ मध्ये ९०. आणि २०१९-२१ मध्ये ९५ च्या जवळ. म्हणजे १९९२ साली लग्न होऊन आलेली सून आणि आज बाळंत होणारी तिची सून, एवढ्या अंतरात हजारो वर्षांची रीत बदलली.

का बदलली? पारावर विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक, "पूर्वी बाया अडाणी होत्या, आता शिकल्या." दुसरं, "पूर्वीच्या बाया खमक्या होत्या, शेतात बाळंत होऊन भारा घेऊन घरी यायच्या. आताच्यांना कळा सोसत नाहीत." मला दोन्ही पटत नाहीत. दोन्हींत एक गोष्ट धरून चाललेली आहे, की कुठं बाळंत व्हायचं ते बाईनं ठरवलं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारत गेले तेव्हा एकीच्याही तोंडून "मी ठरवलं" असं वाक्य आलं नाही. सासूनं ठरवलं, नवऱ्यानं ठरवलं, पावसानं ठरवलं, रात्रीनं ठरवलं, खिशानं ठरवलं.

आधी घरचं बाळंतपण म्हणजे काय होतं ते नीट बघू.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत उगीच पडलेली नाही. सासरी पोरीच्या ओरडण्यालाही लाज होती. माहेरी आई होती. खोली अंधारी, वारा बंद, बाज, खाली शेगडी, वेखंड-ओव्याची धुरी. सुईण बहुतेक वयानं मोठी, स्वतः चार-पाच पोरांची आई. कुठं परंपरेनं ठरलेल्या घरातली, कुठं नुसती हाताला गुण असलेली. ती पोटावर हात फिरवून मूल आडवं आहे की सरळ ते सांगायची. तेलाचा हात लावायची, धीर द्यायची, रात्रभर उशाशी बसायची. नाळ कापायची, वार पडायची वाट बघायची, वार पुरायची, पुढं दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची. मोबदला म्हणून लुगडं-चोळी, नारळ, पायली-दोन पायली भात. सुईणीपुढं पोट लपत नाही, असं आपल्याकडं म्हणतात. घराची सगळी झाकली मूठ तिला ठाऊक असायची. आणि तेवढ्याच सहजपणे तिच्या कामाला विटाळ म्हणणारे आपणच होतो. जिच्या हातात गाव जन्मलं तिचं नाव आज कुणाला सांगता येत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींसाठी आपण तालुक्यात कोतवाल बुकं धुंडाळली, मोडी वाचणाऱ्यांच्या मागं फिरलो. पणजोबांची नोंद मिळाली की पेढे वाटले. पणजोबांना जगात आणणारीचा शोध मात्र कुणी घेतला नाही.

पण सुईणीच्या हाताला मर्यादा होती, आणि ती मर्यादा म्हणजे मरण होतं. दहातली आठ-नऊ बाळंतपणं नीट होतात. उरलेल्यात काय होईल ते आधी सांगता येत नाही. मूल अडलं, अंगावरून रक्त थांबेना, झटके आले, ताप चढला, तर सुईणीकडं काही नव्हतं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव जोराचा असेल तर दोन तासांत बाई जाऊ शकते. आपल्या डोंगरातल्या वाडीतून झोळी करून रस्त्यापर्यंत यायलाच तेवढा वेळ लागायचा.

आणि बाळाचं काय? नाळ विळ्यानं किंवा पात्यानं कापली, वर राख किंवा शेण लावलं, की त्यातून धनुर्वाताचे जंतू आत जायचे. जन्मलेलं धडधाकट पोर चार-सहा दिवसांनी दूध ओढेनासं व्हायचं, जबडा आवळायचा, अंग कमानीसारखं ताठायचं. आपल्याकडं पाचवीला सटवाई पूजतात, ती येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणतात. मला वाटतं, त्या रात्री दिवा जागता ठेवण्यामागची भीती अनुभवातून आलेली होती. पहिला आठवडा पार पडला तर पोर आपलं, हे आयांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि स्वच्छ ब्लेड या दोन साध्या गोष्टींनी ही भीती पुसली. बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली मान्य केलं. केवढी मोठी बातमी होती ती! आम्हा पत्रकारांच्या पानांवर तिला कोपरासुद्धा धड मिळाला नाही.

मग दवाखाने नव्हते का? होते. पुण्यात ससून १८६७ साली उभं राहिलं. तळेगाववरून रेल्वे त्याआधीच सुरू झाली होती. मुंबईत बायकांसाठीचं कामा हॉस्पिटल १८८६ चं. स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून लेडी डफरिन यांचा निधी १८८५ ला सुरू झाला. तरी बायका गेल्या नाहीत. याला "अडाणीपणा" म्हणून मोकळं होऊ नका.

महाराष्ट्रात घराबाहेर बाळंतपणाची पहिली जी सोय आठवते, ती कुणासाठी होती? जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ च्या सुमारास पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, जीव देऊ नये, मूल मारू नये, यासाठी. तिथं जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतलं, पुढं ते डॉक्टर झाले. म्हणजे ज्या बाईला घर होतं ती घरात बाळंत व्हायची. घरानं जिला हाकललं ती बाहेर. युरोपातही तेच होतं, प्रसूतिगृहं बहुतेक गरिबांची आणि निराधारांची. घराबाहेर बाळंत होणं ही लाजेची गोष्ट होती, आणि ही समजूत आपल्याकडं शंभर वर्षं टिकली.

दुसरं, दवाखाना सुरक्षित तरी होता का? व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टरांचा आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगानं मरणाऱ्या बाया कितीतरी जास्त. बायका हातापाया पडून सुईणींच्या विभागात जागा मागायच्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं १८४७ साली कारण शोधलं. डॉक्टर शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणीकडं येत होते. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्यानं खाली आले. तरी त्याचं कित्येक वर्षं कुणी ऐकलं नाही. तेव्हा दवाखान्याला भिणाऱ्या बायका मूर्ख नव्हत्या, त्यांचा हिशेब बरोबर होता. दवाखाना खऱ्या अर्थानं सुरक्षित झाला तो पुढं निर्जंतुकीकरण, १९३० च्या दशकातल्या सल्फा गोळ्या, मग पेनिसिलिन आणि रक्तपेढ्या आल्यावर.

तिसरं, तपासणार कोण? पुरुष डॉक्टरपुढं जायचं, ही कल्पनाच घरात कुणाला सोसणारी नव्हती. आनंदीबाई जोशींचं मूल त्या चौदा वर्षांच्या असताना जन्मलं आणि दहा दिवसांत गेलं. त्यानंतर त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेत गेल्या आणि १८८६ ला पदवी घेतली. त्यांचा प्रबंधही प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. पुढच्याच वर्षी त्या पुण्यात वारल्या. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनानं १९०९ नंतर बायकांना ससूनमध्ये नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षण मिळवून दिलं. मुंबई प्रांतात नर्स आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा. म्हणजे शिकलेली बाई डॉक्टर, शिकलेली बाई नर्स ही दवाखान्याची पहिली पायरी होती. ती पायरी बांधायलाच पन्नास वर्षं गेली आणि ती पुण्या-मुंबईत बांधली गेली. मावळात नव्हे.

आमच्या एका आजींनी मला एका वाक्यात इतिहास सांगितला: "दवाखान्यात न्हेलं म्हंजी बाई गेलीच." विचार केला तर यात भोळेपणा नाही. दोन दिवस अडलेली, रक्त गेलेली, अर्धी शुद्ध हरपलेली बाई शेवटचा उपाय म्हणून बैलगाडीत घालून न्यायचे. ती तिथं मरायची. गाव म्हणायचं, दवाखान्यानं मारली. पुढची बाई आणखी उशिरा जायची. उशीर आणि भीती यांचं हे चाक पिढ्यान् पिढ्या फिरत राहिलं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ ला भोर समितीचा अहवाल आला. सर जोसेफ भोर यांची समिती, आपल्या भोरशी संबंध नाही. त्यातले आकडे वाचवत नाहीत. १९३७ साली जन्मलेल्या हजार बाळांतली १६२ वर्षाच्या आत जात होती. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना याच अहवालानं पक्की केली. १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गावचं आरोग्य त्यांच्याकडं गेलं. सपाटीला ३० हजार वस्तीमागं एक केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागं. ५ हजारांमागं उपकेंद्र, डोंगरात ३ हजारांमागं. नर्सबाई आल्या. सायकलवर, पुढं स्कूटीवर फिरणाऱ्या नर्सबाई हा आपल्या गावांच्या इतिहासातला खरा धडा आहे, तो कुणीतरी लिहायला हवा.

पण तेव्हा सगळ्यांना दवाखान्यात आणणं सरकारला शक्यच नव्हतं. म्हणून धोरण उलटं होतं. बाळंतपण घरीच होऊ द्या, पण स्वच्छ होऊ द्या. सत्तरच्या दशकात सुईणींना दाई प्रशिक्षण दिलं गेलं. साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, स्वच्छ कापड असा संच मिळायचा. त्याच काळात डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० ला जामखेडला काम सुरू केलं आणि शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. पुण्याच्या केईएमच्या डॉ. बानू कोयाजींनी शिरूर तालुक्यात वढूला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभा केला. दोन्ही कामांना पुढं मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आरोळे दांपत्याला १९७९ ला आणि कोयाजींना १९९३ ला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तर वेगळाच प्रश्न विचारला. बाई दवाखान्यात येत नाही, मग नवजात बाळाचं औषधपाणी तिच्या घरात का नेऊ नये? ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. श्वास अडकलेलं बाळ कसं सावरायचं, कमी वजनाचं ऊबेत कसं ठेवायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसं द्यायचं. तिथं हजार बाळांमागं पहिल्या महिन्यात ६२ मृत्यू व्हायचे, ते काही वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ ला 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते छापून आलं आणि आज आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येतात ती पद्धत त्यातूनच देशभर गेली. यातून मी एक गोष्ट घेते. चार भिंती कुणाच्या यापेक्षा त्या भिंतींच्या आत शिकलेले हात आहेत का, हे जास्त महत्त्वाचं. पण खरं बोलायचं तर आईचा रक्तस्राव आणि अडलेलं मूल यांवर घरात उपाय नाही. तिथं रक्त लागतं, भूल लागते, शस्त्रक्रिया लागते. नुसत्या दाई प्रशिक्षणानं आयांचे मृत्यू फारसे कमी होत नाहीत, हे नव्वदच्या दशकापर्यंत जगभर कळून चुकलं. म्हणून धोरण वळलं.

आता येऊ मुख्य प्रश्नावर. २००५ नंतर असं काय झालं, की आकडा ६५ वरून ९५ वर गेला?

१९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बायकांनी एक साधी मांडणी केली. बाळंतीण तीन उशिरांमुळं मरते. पहिला, न्यायचं ठरवण्यातला उशीर. दुसरा, पोचण्यातला. तिसरा, पोचल्यावर उपचार मिळण्यातला. आपल्या भागाचा इतिहास या तीन उशिरांत बरोबर बसतो.

पहिला उशीर घरातला. सासू म्हणायची, "आम्हाला झाली की पाच, घरीच." पण कुटुंबं लहान झाली. पाच-सहा पोरं होती तेव्हा एक जाणार हे मनात धरलेलं असायचं. दोनच म्हटल्यावर प्रत्येक बाळंतपण जपायचं झालं. मुली दहावी-बारावी झाल्या, लग्नाचं वय वाढलं. आशाताई आल्या, आणि त्या बाहेरून आलेल्या साहेबीण नव्हत्या, गावातल्याच सुना होत्या. सासूशी त्यांना सासूच्या भाषेत बोलता येत होतं. तिसऱ्या महिन्यात "दवाखान्यात नाव घातलं का?" हा प्रश्न घरोघर गेला. एकदा नाव घातलं, तपासण्या झाल्या, की बाळंतपणाला तिथंच जायचं हे आपोआप ठरू लागलं. शिवाय शाळा, रेशन, आधार, सगळीकडं जन्माचा दाखला मागू लागले. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. सुईणी म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या सुनांनी ते काम घेतलं नाही. का घ्यावं? मान नाही, पैसा नाही, आणि काही वाईट झालं तर बोल मात्र आहे.

यातच पैसा येतो. १२ एप्रिल २००५ ला जननी सुरक्षा योजना आली. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यास ७०० रुपये, शहरी बाईला ६००, घरी झाल्यास ५००. पण पुढे असलेल्या राज्यांसाठी त्यात एक अट होती. वय १९ पूर्ण हवं आणि पहिली दोनच बाळंतपणं. म्हणजे सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेली पोर बाद, आणि चौथ्या खेपेची बाईही बाद. जिवाचा धोका नेमका ज्यांना जास्त, त्याच बाहेर! ही अट २०१३ च्या मे महिन्यात निघाली. तोपर्यंत आठ वर्षं गेली होती. २०११ ला जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम आला आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषध, रक्त, जेवण, गाडी सगळं मोफत झालं. माझ्या मते हा ७०० रुपयांपेक्षा मोठा बदल होता. बक्षीस मिळणार म्हणून कुणी फार हुरळत नाही, पण "बिल किती येईल?" ही भीती माणसाला दारातच थांबवते.

दुसरा उशीर रस्त्याचा. शिरगाव घ्या. आज प्रतिशिर्डीमुळं गाव सगळ्यांना माहीत आहे, गुरुवारी गाड्यांच्या रांगा लागतात. सोमाटणे फाटा जवळ, तळेगाव जवळ, पिंपरीचं वायसीएम गाठता येतं. तळेगावात १९९५ पासून मायमरचं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. शिरगावची सून आज दवाखान्यात बाळंत होते यात तिच्या शहाणपणाइतकाच डांबराचाही वाटा आहे. जीप आली, रिक्षा आली, मोबाईल आला, २०१४ च्या जानेवारीत १०८ ची गाडी आली. रस्ता जिथवर गेला तिथवर दवाखान्यातलं बाळंतपण गेलं.

आणि जिथं रस्ता थांबतो? पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ, तिन्ही खोऱ्यांच्या वरच्या अंगाला जा. ठाकरवाड्या, कातकरी वस्त्या, धनगरांची घरं. जुलै-ऑगस्टचा आपला पाऊस. ओढा भरला की वाडी तुटली, फोनला रेंज नाही. एकाच तालुक्यात एक गाव २०२० च्या दशकात आहे आणि दुसरं १९७० च्या. उरलेली शंभरातली पाच म्हणजे कोण, याचं उत्तर बहुतेक तिथं आहे. आणखी काही आपल्या डोळ्यांसमोर आहेत. शिरगाव-गहुंजे पट्ट्यात इमारती उठताहेत, त्यावर काम करणाऱ्या, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या परराज्यातल्या बाया. वीटभट्टीवरच्या बाया. त्यांचं नाव ना इथल्या आशाताईंच्या वहीत, ना तिकडच्या. त्यांना कुणी "अडाणी" म्हटलं की माझा राग होतो. कागद नाही, भाषा नाही, सुट्टी घेतली तर रोज बुडतो, मुकादमाला विचारल्याशिवाय गाडी नाही. यात तिनं काय ठरवायचं?

आणि सपाटीवाल्यांनी निर्धास्त राहू नये. शनिवार-रविवारची लोणावळ्याची कोंडी, तळेगाव-चाकण रस्त्याची रोजची कोंडी. झोळी गेली, सायरन आला, पण सायरन जागेवरच वाजत असेल तर दुसरा उशीर परत आलाच की.

तिसरा उशीर दवाखान्यातला. इथं आपण सगळ्यात कमी बोलतो. दारात पोचलेल्या बाईला "इथं जमणार नाही, पुढं न्या" हे वाक्य किती ठिकाणी ऐकावं लागतं? भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, डॉक्टर रजेवर. आणि वागणूक! कळा देणाऱ्या बाईवर खेकसणं, टोमणे मारणं, सोबत कुणाला थांबू न देणं. सुईणीकडं औषध नव्हतं, पण ती हात धरून बसायची. आम्ही औषध मिळवलं आणि हात सोडला. "घरीच बरं" असं म्हणणाऱ्या बायकांशी बोलले तेव्हा गरिबीपेक्षा अपमान जास्त वेळा ऐकला. केंद्र सरकारनं २०१७ ला प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठी 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम काढला. त्यात बाळंतिणीला सन्मानानं वागवणं आणि तिच्या पसंतीची एक बाई सोबत असणं हे लिहिलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. हा उपकार नाही, हे नियमात आहे.

दुसरी बाजूही आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझेरियननं झालं. देशभरात सरकारी दवाखान्यात हे प्रमाण शंभरात १४ आणि खाजगीत ४७. एवढा फरक बायकांच्या शरीरात नसतो. सिझेरियननं जीव वाचतात, वर लिहिलंच आहे, त्याशिवाय अडलेली बाई जगत नव्हती. पण गरज नसताना पोट फाडणं आणि त्याचं बिल सोनं गहाण ठेवून भरणं, ही नवी भीती आहे. जुन्या भीतीसारखीच ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

तरीही हिशेब मांडला तर मी कुठल्या बाजूला आहे हे स्पष्ट सांगते. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागं १३० आया जात होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. याचा अर्थ आपल्या घरातल्या, शेजारच्या कितीतरी पोरी आज लेकराला शाळेत सोडताहेत, ज्या वीस वर्षांपूर्वी भिंतीवरच्या फोटोत असत्या. हे जुन्या काळाचं गुणगान करणाऱ्यांनी विसरू नये. "नैसर्गिक बाळंतपण घरीच" असे व्हिडिओ हल्ली फिरतात, त्यांनीही नाही.

पण हा विजय बायकांना "जागरूक" करून मिळालेला नाही. रस्ता केला, गाडी दिली, बिल काढून टाकलं, ओळखीची बाई दारात पाठवली, तेव्हा बायका आपल्या पायांनी आल्या. म्हणून उरलेल्यांसाठीही भाषण नको, सोय हवी. येत्या ग्रामसभेत चार गोष्टी विचारूया.

गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तिच्या निधीचं काय झालं?

बांधकामावरच्या आणि भट्टीवरच्या गरोदर बायांची यादी आहे का? नसेल तर ती करण्याची जबाबदारी बिल्डरवर आणि भट्टीमालकावर टाकायचा ठराव घ्या.

वरच्या वाड्यांतल्या बायकांसाठी माहेरघर करता येईल का? आदिवासी भागात शासनाची ही योजना आहे. आरोग्य केंद्राशेजारी एक खोली, दिवस भरत आले की बाईनं चार दिवस आधी येऊन राहायचं, सोबत घरची एक बाई. पावसाळ्यात मावळाला याहून उपयोगी दुसरं काही मला सुचत नाही.

आणि आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत एक बाई थांबू देतात का? नसतील देत तर का?

जाता जाता एक काम. घरात सत्तरीच्या पुढची कुणी असेल तर तिला आज विचारा. कुठं बाळंत झालात, कुणी केलं, किती पोरं झाली आणि किती राहिली. शेवटचा प्रश्न हळू विचारा. आणि आपल्या गावच्या सुईणीचं नाव आठवत असेल तर, तिच्या घरच्यांना विचारून, खाली कमेंटमध्ये लिहा. शिरगाव, सोमाटणे, साळुंब्रे, गहुंजे, दारुंब्रे, जिथून वाचत असाल तिथून. दोन-चार वर्षांत ही नावं सांगणारंही कुणी उरणार नाही.